कुंदाची धिंगरी

कुंदा इंगोले गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याहून मिळेल त्या बसने अंजनगाव सुर्जीला पोचले. तिच्या ओट्यावर, अंगणात, पार रस्त्यापर्यंत बाया बसल्या होत्या. चपला काढायला जागा नव्हती. जी ती एकच सांगत होती, "मॅडमचा सगळ्यायहून जास्त जीव माह्यावर होता." एकीच्या हातचा झुणका त्यांना लागायचा म्हणे. एकीच्या नातीचं नाव त्यांनी ठेवलं होतं. एकीला तर त्या "मागल्या जल्माची बहीण" म्हणायच्या. मी भिंतीला टेकून ऐकत होते. अमरावतीच्या होस्टेलात मी आणि कुंदा एका खोलीत राहिलो, पुढे अकोल्याच्या एकाच कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या एकाच विभागात, शेजारशेजारच्या टेबलांवर आमची अर्धी उमर गेली. तेवढ्यात एका म्हातारीने मला पाण्याचा पेला दिला आणि विचारलं, "तुमी कोन्या गावच्या जी?"

दुःख झालं, नाही कसं? पण त्याच्या आधी पोटात जे पेटलं ते मला चांगलं ओळखीचं होतं. कुंदा जिवंत असतानाही ते रोजचंच होतं.

उंच, हाडकुळी, चालताना पुढे झुकलेली, जणू वाटेत काही सांडलेलं उचलायचं आहे. कोणतीही वस्तू हाती आली की आधी नाकाशी न्यायची. परीक्षेचे पेपरसुद्धा हुंगायची आणि "हा पोरगा शेतातून थेट आला" असं सांगायची. नखं कायम मातीने काळी, आणि त्या काळ्या नखांवर लालभडक नेलपॉलिश. मी एकदा म्हटलं, "आधी नखं तर धू." ती म्हणाली, "माती मातीच्या जागी, नट्टापट्टा नट्टापट्ट्याच्या जागी." कुणाकडे गेली की देवघराआधी स्वयंपाकघरातली कचऱ्याची बादली उघडायची. घरची बाई ओशाळायची, हिला काही नाही. "बादली पाह्यली का घर समजते," हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि दुसरं, "सडते ते जिवंत हाय. न सडे त्याले भ्या."

होस्टेलात हिवाळाभर आम्ही संत्री खायचो. वरुड, शेंदूरजनाघाटच्या मुली घरून पोतीच्या पोती आणायच्या. कुंदा खोल्याखोल्यांतून सालं गोळा करायची आणि गच्चीवर वाळत घालायची. वार्डनबाईंनी आरडाओरडा केला. कुंदाने त्यांच्याच ओंजळीत सालीची पूड ठेवली आणि म्हणाली, "बाई, दुधात कालवून तोंडाले लावा." पुढच्या आठवड्यापासून वार्डनबाई स्वतः गच्चीची किल्ली आणून द्यायला लागल्या. होस्टेलच्या नियमाप्रमाणे किल्ली माझ्याकडे असायची. मी खोलीप्रमुख होते.

कुंदालाही जळायला यायचं. माझ्याहून जास्तच. फरक एवढाच, की ती ते बोलून मोकळी व्हायची. माझं लग्न झालं, मुग्धा झाली, सासू-सासरे, पै-पाहुणे, घर गजबजलेलं. ती आमच्याकडे जेवायला यायची आणि मधेच घास थांबवून म्हणायची, "शोभे, तुह्या घरचं दार कोनी ना कोनी वाजवूनच राह्यते. मले लय जळन होते बाप्पा!" सगळे हसायचे. तिचं लग्न झालं नव्हतं. केलं नाही की झालं नाही, हे तिने मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्या फळ्यावरच्या अक्षरावर ती जळायची. माझ्या पुरणपोळीवर जळायची. "सांगून टाकलं का थंड होते," म्हणायची. मला ते कधीच जमलं नाही. मी हसून, "तुझं आपलं काहीतरीच," म्हणत असे आणि आतल्या आत शिजत असे.

शिजायला कारणं होती. माझे तास नेटके असत. आकृत्या काढून आणलेल्या, मुद्दे ओळीने मांडलेले. कुंदा रिकाम्या हातांनी वर्गात जायची आणि निम्म्या तासाला सगळ्या वर्गाला घेऊन बाहेर पडायची. कँटीनच्या मागे, नाल्याच्या काठाला, कुठेही. माझ्या वर्गाच्या खिडकीतून ती वरात दिसायची. माझ्या समोरची पोरं आकृती काढता काढता तिकडेच बघत राहायची.

एका उन्हाळ्यात तिने मोर्णा नदीतली जलकुंभी काढायचं मनावर घेतलं. ती तरंगती हिरवी वनस्पती तेव्हा पात्रभर पसरली होती, पाणी कुठे दिसत नव्हतं. पोरांना घेऊन तिने हातगाड्या भरल्या आणि सगळं कॉलेजच्या मैदानात आणून पसरलं. अकोल्याचं ऊन आणि नदीचा तो वास! प्राचार्य नाकाला रुमाल लावून आले.

"इंगोले मॅडम, हे कॉलेज आहे!"

"सर, कॉलेज हाय म्हनूनच आनलं. नाहीतर घरी नेलं असतं."

वाळलेल्या जलकुंभीवर ती धिंगरी उगवणार होती. धिंगरी म्हणजे शिंपल्यासारखी पांढरी आळंबी. काडीकचऱ्यावर वाढते आणि खायला चांगली. सगळा स्टाफ कौतुकाने ऐकत होता. बुरशी हा तर माझा विषय, माझा प्रबंधच त्यावर होता. मी उठून म्हणाले, "ही वनस्पती पाण्यातलं विष शोषून घेते. शहराचं सगळं सांडपाणी या नदीत येतं. यावर उगवलेलं खाणं बरोबर नाही."

सगळे माझ्याकडे वळले. मला वाटलं, आज जिंकले. कुंदा माझ्याकडे पाहत राहिली, मग तिने कपाळावर हात मारला. "शोभा बरोबर बोलून राहिली! माह्या टकुऱ्यात कसं नाही आलं? अवं, तू नसती तं मी पोरायले काय खाऊ घातलं असतं!" तिने तिथेच ठरवलं की जलकुंभीचं खत होईल, तेही फुलझाडांपुरतं. धिंगरीला सोयाबीनचं कुटार आणायचं. मळणी झाल्यावर जो भुसा उरतो ते कुटार. त्यावर तिने उगवून दाखवली. प्राचार्यांनी सभेत तिचा सत्कार केला. भाषणात म्हणाले, आपली चूक चारचौघांत मान्य करणं याला मोठं मन लागतं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. चूक कोणी दाखवली हे कुणाच्या लक्षातच नव्हतं.

मुग्धाच्या लग्नात तर कहर झाला. फोटोसाठी सगळे स्टेजवर, आणि कुंदामावशीचा पत्ता नाही. माणूस पाठवला तर ती मंडपाच्या मागे, जिथे उष्ट्या पत्रावळी टाकत होते तिथे, पदर खोचून उभी. नवी साडी. शिळं एकीकडे, फुलं एकीकडे, प्लॅस्टिक वेगळं, असं वाढप्यांना ओरडून सांगत होती. माझ्या व्याहीणबाईंनी ते पाहिलं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी तिला बाजूला ओढून म्हटलं, "आजच्या दिवस तरी राहू दे ना!" ती म्हणाली, "आजच तं जास्त हाय वं."

आणि मुग्धा? शालू सांभाळत ती मागे गेली आणि तिथेच, त्या ढिगाशेजारी, मावशीच्या गळ्यात पडून तिने फोटो काढून घेतला. तो फोटो आज पुण्यात तिच्या घरात भिंतीवर आहे. माझा आणि तिचा मात्र अल्बममध्ये आहे. मुग्धाला दिवस गेल्याची बातमीही मला कुंदाकडून कळली. "तुले सांगतलं असन ना मुग्धीनं?" ती फोनवर सहज म्हणाली. मी म्हटलं, "हो तर."

नोकरीची बरीच वर्षं बाकी असताना कुंदाने ती सोडली आणि माहेरी अंजनगावला गेली. वडील थकले होते, थोडं शेत होतं. शेताच्या कडेला तिने तुराट्या आणि हिरव्या जाळीची शेड घातली. गावातल्या बाया गोळा केल्या. कुटार गरम पाण्यात भिजवून, निथळून, पिशव्यांत भरायचं, थरांमध्ये धिंगरीचं बी पेरायचं, पिशव्या अंधारात टांगून ठेवायच्या. आधी सगळ्या कुटारावर पांढरं सूत विणलं जातं, मग पिशवीच्या भोकांतून धिंगरीचे पंखे बाहेर येतात. पहिल्यांदा बायांनी तोंडाला पदर लावला. "हे तं कुत्र्याच्या छत्र्या हायेत, मॅडम! खाऊन मरायचं हाय काय?" कुंदाने तिथेच चूल मांडली, तेलात लसूण-तिखट घालून भाजी केली आणि त्यांच्यासमोर भाकरीशी खाल्ली. मग त्यांना म्हणाली, "उद्या सकाळी येजा. मेली असन तं माती द्या, नाही तं कामाले लागा."

सकाळी सगळ्या आल्या. काहीजणी रडायच्या तयारीने आल्या होत्या म्हणे.

धिंगरी निघाली की उरलेलं कुटार फेकायचं नाही. ते गांडुळांच्या हौदात, तिथून केळीच्या बुडाशी आणि पानमळ्यात. केळीचं खोड कापून पडलं की तेही परत हौदात. ज्या गावात कुटार पेटवून धुराडा करायचे तिथे आता ते कुणी कुणाला फुकट देईना. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कुंदाने मला शेडमध्ये नेलं. बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत गारवा, ओलसर वास, आणि अंधारात टांगलेल्या पिशव्यांवर पांढरे पंखे. काही तर ताटाएवढे. ती ते मुद्दाम वाढू द्यायची. पाहुण्यांना दाखवायला. "पाय, पाय, कशी कमळं फुलली!" मी म्हटलं, "फार पिकू देऊ नये. कडा वर वळायच्या आत तोडावी." ती म्हणाली, "तुह्यं पुस्तकातलं ठेव तिकडं." बुरशीवर प्रबंध माझा, तो कॉलेजच्या ग्रंथालयात कपाटात बंद. आणि हिच्या हाताखाली ती बुरशी अशी फुलत होती. परतीच्या बसमध्ये मी पिशवी सीटखाली ढकलली. पिशवीत तिने दिलेली धिंगरी होती. घरी सगळ्यांना खूप आवडली.

त्या बायांमध्ये एक रेखा होती. नवरा ट्रॅक्टर चालवायचा. रेखा तोंडाची फटाकडी, कुणाला हार न जाणारी. कुंदाशी तिचं रोज वाजायचं. "मॅडम, एवढी मोठी फुलं कोन घेते? परतवाड्याचा हॉटेलवाला लहान मागते." कुंदा म्हणायची, "तुले का समजते त्यातलं?" आणि रेखा पाठ वळली की मला म्हणायची, "पोरगी हुशार हाय. तिच्या पिशव्या माह्यापेक्षा आधी फुटतात. मले पाहवत नाही वं."

मग कुंदाला खोकला लागला. संध्याकाळी अंग कसकसायचं, ताप यायचा, सकाळपर्यंत उतरायचा. धूळ, थंडी, वय, दरवेळी नवीन कारण. मी निवृत्त झाल्यावर एकदा तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा पाहिलं, शेडपर्यंतचा चढ चढताना ती दोनदा थांबली. आणि शेडमध्ये, पिकलेल्या त्या मोठ्या पंख्यांखाली टांगलेल्या काळ्या पिशवीवर पीठ चाळून ठेवल्यासारखा पांढरा थर होता. मी बोट फिरवलं. ते बीजाणू होते. आळंबी पिकली की तिच्या खालून अशी बारीक पूड झडते, हवेत तरंगताना डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. कुंदा रोज ती श्वासातून घेत होती.

मी तिला जवळजवळ ओढतच अमरावतीला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय करता आपण?"

"शेती," कुंदा म्हणाली.

"धिंगरी करते," मी म्हणाले. "बंद शेडमध्ये. रोज. कित्येक वर्षं."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. मग तपासण्या झाल्या, फोटो निघाले. फुफ्फुसं आतून घट्ट होत चालली होती. ते स्पष्ट बोलले. जे गेलं ते भरून येणार नाही. उरलेलं टिकवायचं असेल तर शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. तोंडाला फडकं बांधूनही नाही.

बाहेर रिक्षा बघत उभ्या होतो तेव्हा ती माझ्यावर कडाडली. "काहून सांगतलं? काय अडलं होतं तुह्यं?"

"मग काय खोकत खोकत मरू द्यायचं तुला?"

"माह्या पोटचं असतं अन् त्यानं लाथ मारली असती तं सोडलं असतं का मी त्याले?" एवढं बोलून तिला ढास लागली. रस्त्याच्या कडेला ती वाकून उभी राहिली आणि मी तिची पाठ चोळत राहिले. पाठीची हाडं हाताला लागत होती. शेवटी श्वास सापडल्यावर म्हणाली, "येत्या बुधवारी ये. सगळ्यायले बोलावतो. शेड कोनाच्या तरी हाती द्या लागन."

त्या बुधवारी मी अंजनगावला गेले तो प्रवास मला अजून आठवतो. मी मनाशी सगळं मांडलं होतं. शेडची एक बाजू उघडी करायची, वारा खेळता ठेवायचा. धिंगरी लहान असतानाच तोडायची. बायांना तोंडाला बांधायला नीट मास्क. मी निवृत्त, मुग्धा पुण्यात, घरी दोनच माणसं. आठवड्यातून चार दिवस मी सहज राहू शकत होते. तिने विचारलं की आधी जरा आढेवेढे घ्यायचे, हेसुद्धा ठरवलं होतं. बॅगेत चार जोडी कपडे घातले होते.

कडुनिंबाखाली सगळ्या बसल्या. कुंदा खुर्चीवर. फार बोलायची ताकद नव्हती. तिने शेडच्या कुलपाची किल्ली कमरेची काढली आणि म्हणाली, "रेखे, धर."

रेखाने आधी पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मी माह्या पद्धतीनं करीन, मॅडम."

"कर ना. तोंड कोनाचं पाहून राहिली? घे."

बाया उठून रेखाभोवती गोळा झाल्या. मी बॅग मांडीवर घेऊन बसले होते. कुंदा माझ्याकडे वळली. तिला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. मी तर हसतच होते.

"तुले वाटलं मी तुले इचारीन," ती हळूच म्हणाली.

"छे गं. मला कुठे वेळ आहे?"

"तुले माह्यापेक्षा जास्त समजते, मले मालूम हाय. पन तू आली असती तं माह्यासाठी आली असती. मी गेली का तू उठून गेली असती. ते नाही जानार." तिने हनुवटीने रेखाकडे खूण केली.

ते खरं होतं की नाही हे मला आजही सांगता येत नाही. पण त्या दिवशी मला त्या ट्रॅक्टरवाल्याच्या बायकोचा जेवढा हेवा वाटला तेवढा उभ्या जन्मात कुंदाचाही वाटला नव्हता. मी भाकरी-पिठलं खाल्लं आणि दुपारच्याच गाडीने परतले.

रेखाने शेडची पूर्वेची बाजू उघडून नवी जाळी लावली. धिंगरी लहान असतानाच तोडायला लागली. मास्कशिवाय कुणाला आत जाऊ देईना. जे मी बसमध्ये ठरवलं होतं ते सगळं तिने केलं, कुणी न सांगता. आणि मग कुंदाचे फोन सुरू झाले. रोज सकाळी, चहाच्या वेळेला.

"शोभे, माह्यापेक्षा बरी करून राहिली ते. मले जेवन गोड नाही लागून राहिलं."

"आगाऊ आहे ती," मी म्हणायची.

"लय आगाऊ हाय! काल मलेच म्हनते, मॅडम, खुर्ची मांगं घ्या, वारा तिकडचा हाय."

"तुला खुर्ची मागे घ्यायला सांगते? कमाल झाली!"

असं तासतासभर चालायचं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच आम्ही दोघी एकाच बाईवर जळत होतो, आणि आमची मैत्री त्या काळात होती तेवढी गोड कधीच नव्हती. मी फोनची वाट पाहायची. चहा मुद्दाम उशिरा टाकायची.

औषधांनी तिला थोडं बरं वाटलं. दीडेक वर्ष तब्येत तशीच टिकली. पावसाळ्यात मात्र साधासा ताप आला. दुसऱ्या कुणी तो अंगावर काढला असता. तिच्या उरलेल्या छातीला तो पेलला नाही. मला बोलवायलाही वेळ मिळाला नाही.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधी, उन्हाळा संपता संपता. दोन दिवस राहून निघाले होते. नको नको म्हणत असताना ती रिक्षात बसून मला बसस्थानकापर्यंत सोडायला आली. मला खिडकीची जागा मिळाली. खाली ती उभी, धाप लागलेली, एक हात बसच्या पत्र्यावर. म्हणाली, "पोचली का फोन कर." मी म्हटलं, "तू आता रिक्षात जाऊन बस, उन्हात उभी राहू नको."

ती वळली आणि दोन पावलांवर थांबली. स्थानकाच्या भिंतीला लागून उसाच्या रसाची गाडी होती आणि गाडीमागे चिपाडांचा ओला ढीग, माशा घोंघावत असलेला. कुंदा त्या ढिगाजवळ गेली. वाकली, एक मूठ उचलली, नाकाशी नेली. रसवाला आधी कपाळाला आठ्या घालून बघत होता. ती काहीतरी बोलली. त्याने चरक थांबवला. ती बोलतच होती, मधेच श्वास घ्यायला थांबायची आणि पुन्हा बोलायची, हातातलं चिपाड पिळून दाखवायची. तो हसायला लागला. त्याने आपलं स्टूल पुढे सरकवून तिला बसायला दिलं.

कंडक्टरने घंटी मारली. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हाक मारली, "कुंदे, येते गं!" इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसावं. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती, आणि तो अनोळखी माणूस, तिचं नावही ठाऊक नसलेला, गिऱ्हाईक सोडून, दोन्ही हात कमरेवर ठेवून तिचं ऐकत होता. बस वळली, दर्यापूरच्या रस्त्याला लागली. मी हात आत घेतला. पार गाव मागे पडेपर्यंत मला त्या रसवाल्याचा राग येत होता.